बेसबॉल म्हणजे काय हे माहिती नसलेला पोरगा पुढं ६४ वर्षं बेसबॉलचा आवाज झाला

साल १९५५. लॉस एंजेलिसमधल्या एका दुकानाच्या काचेसमोर माणसांची गर्दी जमली होती. आत टीव्ही चालू होता आणि टीव्हीवर बेसबॉलची वर्ल्ड सिरीज. ब्रुकलिन डॉजर्स विरुद्ध न्यूयॉर्क यँकीज. लोक माना उंचावून बघत होते, ओरडत होते, हळहळत होते.

त्या गर्दीत १९ वर्षांचा एक पोरगा उभा होता. काही महिन्यांपूर्वीच तो दक्षिण अमेरिकेतल्या इक्वाडोरहून आला होता. त्याला इंग्रजी येत नव्हतं, आणि समोर चाललेला खेळ काय आहे हेही कळत नव्हतं. एक जण चेंडू फेकतोय, दुसरा दांडक्यानं मारायला बघतोय आणि मध्येच सगळे पळत सुटतायत. बेसबॉलचा चेंडू त्यानं तोवर कधी हातातसुद्धा धरला नव्हता.

चारच वर्षांनी हा पोरगा त्याच डॉजर्स संघाच्या मॅचेसची कॉमेंट्री करायला बसला. आणि पुढं ६४ सीझन बसूनच राहिला. १९५९ ते २०२२.

त्याचं नाव हाइमे हारीन. स्पेलिंगमध्ये दोन्ही शब्द 'जे' या इंग्रजी अक्षरानं सुरू होतात, पण स्पॅनिशमध्ये त्याचा उच्चार 'ह' होतो. त्यामुळं जेमी जॅरिन असं वाचू नका.

आता तुम्ही म्हणाल, खेळ अमेरिकेचा, कॉमेंट्री स्पॅनिशमध्ये, आपल्याला त्याचं काय? तर या माणसाची गोष्ट फक्त खेळाची नाहीये. एका संघाच्या स्टेडियमच्या जागेवरून गरीब मेक्सिकन कुटुंबांना उठवलं गेलं होतं. त्याच संघाला पुढं शहरातल्या मेक्सिकन लोकांनी आपलं मानलं. या दोन गोष्टींच्या मधल्या काळात रोज रात्री रेडिओवरून त्यांच्याच भाषेत बोलणारा जो आवाज होता, तो हारीन यांचा.

तर सुरुवातीपासून सांगतो.

इक्वाडोरची राजधानी कीतो. तिच्या उत्तरेला त्याच नावाच्या ज्वालामुखीच्या पायथ्याशी कायांबे नावाचं गाव आहे. विषुववृत्त इथून हाकेच्या अंतरावर. १० डिसेंबर १९३५ ला हारीन यांचा जन्म इथं झाला. अँडीज पर्वतातल्या या भागात खेळ म्हणजे फुटबॉल. बेसबॉलचा संबंधच नाही.

पोराचा आवाज मात्र खणखणीत. वयाच्या १६ व्या वर्षी तो कीतोच्या एचसीजेबी रेडिओवर लागला. हे मिशनरी मंडळींचं स्टेशन 'अँडीजचा आवाज' म्हणून ओळखलं जायचं. पुढं देशाच्या संसदेत निवेदक म्हणूनही त्यानं काम केलं. म्हणजे विशीच्या आत गडी तिथं बऱ्यापैकी स्थिरावला होता.

तरीही त्यानं अमेरिकेला जायचं ठरवलं. २४ जून १९५५ ला तो लॉस एंजेलिसमध्ये पोहोचला. संसदेत माइकसमोर बसणाऱ्या माणसाला इथं सुरुवातीला कारखान्यात काम करावं लागलं. काम करता करता त्यानं इंग्रजीचे धडे घेतले आणि जिथं स्पॅनिश चालेल अशा ठिकाणी नोकरी शोधली. ते ठिकाण म्हणजे केडब्ल्यूकेडब्ल्यू, शहरातलं स्पॅनिश रेडिओ स्टेशन. थोड्याच काळात तो तिथं बातम्या आणि खेळ या दोन्ही विभागांचा प्रमुख झाला. त्या काळात तो बॉक्सिंगच्या लढतींचं वर्णन करायचा.

आणि १९५८ साली डॉजर्स संघ बोजाबिस्तरा आवरून न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधून थेट लॉस एंजेलिसला आला.

अमेरिकेत संघ म्हणजे खासगी मालमत्ता असते, मालकाला वाटलं तर तो संघच उचलून दुसऱ्या शहरात नेतो. डॉजर्सचे मालक वॉल्टर ओमॅली यांना ब्रुकलिनमध्ये हवं तसं स्टेडियम बांधायला जागा मिळेना, लॉस एंजेलिस जागा द्यायला तयार होतं. ब्रुकलिनच्या लोकांनी ओमॅलींना त्यासाठी कधी माफ केलं नाही, पण तो विषय वेगळा.

केडब्ल्यूकेडब्ल्यूनं डॉजर्सच्या मॅचेस स्पॅनिशमध्ये ऐकवायचे हक्क मिळवले. रोज स्पॅनिश रेडिओवर बेसबॉल, ही कल्पना त्या काळी नवीन होती. स्टेशनचे प्रमुख विल्यम बीटन यांनी हारीनला बोलावलं आणि सांगितलं, दोन कॉमेंटेटरपैकी एक तू.

इथं हारीननं जे केलं ते मला त्याच्या सगळ्या करिअरमधलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. त्यानं नाही म्हणून सांगितलं. मला अजून बेसबॉल नीट कळत नाही, मला एक वर्ष द्या, असं तो म्हणाला. २२ वर्षांचा, नव्या देशात आलेला पोरगा, समोर आयती चालून आलेली संधी. 'बघू, जमवून घेऊ' म्हणत माइक धरणारे शंभरातले नव्याण्णव असतात.

त्याला वर्ष मिळालं. लॉस एंजेलिसमध्ये दुय्यम लीगचे दोन संघ खेळायचे, त्यांच्या मॅचेस त्यानं आधीपासून पाहायला सुरुवात केली होती. आता तो नियम घोकायला लागला, वाचायला लागला, ऐकायला लागला. १९५८ चा सीझन निकाराग्वाहून आलेल्या रेने कार्देनास यांनी गाजवला. स्पॅनिशमध्ये रोजची बेसबॉल कॉमेंट्री सुरू करण्याचं श्रेय कार्देनास यांचंच आहे, ते हारीनच्या नावावर टाकू नका. १९५९ मध्ये हारीन त्यांच्या शेजारी येऊन बसला. त्याच वर्षी डॉजर्स वर्ल्ड सिरीज जिंकले.

कॉमेंट्री कशी चालायची, हा भाग भारी आहे.

घरच्या मैदानावर मॅच असली की हे लोक मैदानात जाऊन बोलायचे. पण डॉजर्स बाहेरगावी खेळायला गेले की स्पॅनिश टीमला सोबत नेलं जायचं नाही, खर्च कोण करणार? मग हे स्टुडिओत बसायचे, कानाला हेडफोन लावायचे आणि इंग्रजी कॉमेंट्री ऐकत ऐकत त्याच क्षणी ती स्पॅनिशमध्ये सांगायचे. समोर मैदान नाही, चेंडू नाही, चित्र नाही. फक्त कानात पडणारी परकी भाषा आणि तोंडातून बाहेर पडणारी आपली.

आणि कानात पडणारा आवाज कुणाचा? विन स्कली यांचा. स्कली म्हणजे बेसबॉल कॉमेंट्रीतलं सगळ्यात मोठं नाव. १९५० ते २०१६, सलग ६७ सीझन एकाच संघासाठी. चेंडू फेकला जाण्याच्या आधीच्या शांततेत ते खेळाडूच्या गावाची, त्याच्या बापाची, आकाशाच्या रंगाची गोष्ट सांगायचे. हारीनला हे सगळं रोज तीन-तीन तास ऐकावं लागायचं, आणि नुसतं ऐकून चालायचं नाही तर समजून लगेच आपल्या शब्दांत मांडावं लागायचं. पुढं स्पॅनिश टीमला संघाबरोबर प्रवास करायला मिळाला, तोवर हा प्रकार चालू होता. कॉमेंट्रीची याहून चांगली शाळा कुठं असेल असं वाटत नाही. हारीन शेवटपर्यंत स्कलींना गुरू मानत आले, आणि दोघांची मैत्रीही आयुष्यभर टिकली.

पण नुसतं भाषांतर करून भागत नव्हतं. ऐकणारे लोक एका देशातले नव्हते. मेक्सिकोतून आलेले जास्त, पण ग्वातेमाला, एल साल्वादोर, क्युबा, निकाराग्वा अशा सगळीकडचे. प्रत्येकाची स्पॅनिश वेगळी. आपल्याकडं कोल्हापूरची आणि नागपूरची मराठी वेगळी असते, त्यातलाच प्रकार, फक्त देश वेगळे. त्यामुळं हारीन कुठल्याच एका गावची वाटणार नाही अशी स्वच्छ, नीटस स्पॅनिश बोलायचे.

स्पॅनिशमध्ये बेसबॉलचे स्वतःचे शब्द आहेत आणि ते ऐकायला मजेशीर आहेत. मैदानाच्या लांबच्या गवताळ भागाला बाग म्हणतात आणि तिथं उभ्या असलेल्या फिल्डरला 'हार्दिनेरो', म्हणजे माळी. होमरनला काही जण 'होनरोन' म्हणतात, तर काही जण 'क्वाद्रांगुलार', कारण मारणारा चारही कोपऱ्यांना फिरून येतो. क्रिकेटच्या भाषेत सांगायचं तर चेंडू थेट मैदानाबाहेर, सिक्सर.

होमरन गेला की हारीन यांची एक ओळ ठरलेली असायची. 'से वा, से वा, से वा', आणि मग 'देस्पीदाला कोन उन बेसो'. गेली, गेली, गेली, आणि आता एक पापा देऊन निरोप द्या तिला. गेली का? कारण स्पॅनिशमध्ये चेंडू स्त्रीलिंगी आहे. लॉस एंजेलिसमध्ये वाढलेल्या कितीतरी पोरांना ही ओळ पाठ आहे.

आता त्या जागेचा विषय. तो टाळून ही गोष्ट सांगताच येत नाही.

लॉस एंजेलिसच्या मधोमध टेकड्यांमध्ये चावेज रॅव्हीन नावाचा भाग होता. पालो वेर्दे, ला लोमा आणि बिशप अशा तीन वस्त्या. राहणारे बहुतेक मेक्सिकन वंशाचे. घरं साधी, रस्ते कच्चे, पण लोक पिढ्यानपिढ्या तिथं राहत होते. त्या काळी शहरात मेक्सिकन माणसाला कुठंही घर मिळत नव्हतं, त्यामुळं ही जागा त्यांची हक्काची होती.

१९५० च्या सुमारास महापालिकेनं ही जागा ताब्यात घ्यायला सुरुवात केली. कारण काय दिलं? तर इथं सरकारी घरकुल योजना होणार. उठवलेल्या लोकांना नव्या घरांमध्ये पहिला मान मिळेल असं सांगितलं गेलं. शेकडो कुटुंबं निघून गेली. आणि मग राजकारण फिरलं. सरकारनं घरं बांधणं म्हणजे कम्युनिझम अशी ओरड सुरू झाली, १९५३ साली योजनेच्या विरोधातले महापौर निवडून आले आणि योजनाच गुंडाळली गेली. लोक गेले ते गेलेच, जागा रिकामी पडून राहिली.

हीच जागा डॉजर्सना द्यायचं ठरलं. १९५८ मध्ये त्यावर शहरात मतदान झालं आणि थोडक्या फरकानं कौल डॉजर्सच्या बाजूनं लागला. काही कुटुंबं मात्र हलायला तयार नव्हती. ८ मे १९५९ ला पोलिसांनी अरेचिगा कुटुंबाला घरातून उचलून बाहेर काढलं. एका बाईला हातपाय धरून जिन्यावरून खाली आणतानाचे फोटो देशभर गेले. मागं लगेच बुलडोझर लागला.

तारीख बघा. मे १९५९. म्हणजे हारीन यांचा डॉजर्सबरोबरचा पहिलाच सीझन नुकताच सुरू झाला होता.

१० एप्रिल १९६२ ला तिथं डॉजर स्टेडियम उघडलं. शहरातल्या अनेक मेक्सिकन घरांनी त्या मैदानात पाय ठेवायचा नाही असं ठरवलं होतं, आणि काहींनी ते पाळलंही. हारीन स्वतः सांगायचे की त्यांनी सुरुवात केली तेव्हा मैदानात येणाऱ्यांमध्ये लॅटिन लोक ८ ते १० टक्के असतील.

अशा लोकांसमोर रोज डॉजर्सचं कौतुक कसं करायचं? हारीन यांच्या कामात ही अडचण कायम होती असं मला वाटतं. ते संघाचे माणूस होते, पण त्याच वेळी ते स्पॅनिश रेडिओचे बातमीदारही होते. आज आपण त्यांना फक्त खेळाचा आवाज म्हणून ओळखतो, पण त्या काळात केडब्ल्यूकेडब्ल्यूवर बातम्याही त्यांच्याच आवाजात ऐकू यायच्या. १९६३ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली तेव्हा अंत्ययात्रेचं वृत्तांकन करायला ते वॉशिंग्टनला गेले. १९७० आणि १९७१, अशी लागोपाठ दोन वर्षं त्यांना गोल्डन माइक हा दक्षिण कॅलिफोर्नियातल्या रेडिओ-टीव्ही पत्रकारितेचा मानाचा पुरस्कार मिळाला. तो मिळवणारे ते पहिले लॅटिन अमेरिकन. १९७५ मध्ये मोहम्मद अली आणि जो फ्रेझर यांची मनिलातली ती प्रसिद्ध लढतही त्यांनी स्पॅनिश श्रोत्यांना ऐकवली.

बातम्यांमुळं माणसाच्या आवाजावर एक विश्वास बसतो. सकाळी जो आवाज शहरात काय झालं ते सांगतो, तोच संध्याकाळी मॅच सांगतो. घरातल्या आजीला बेसबॉल कळत नसलं तरी आवाज ओळखीचा असायचा. हॉटेलच्या मागं भांडी घासणारे, शेतात राबणारे, कपड्यांच्या कारखान्यातले असे कितीतरी जण काम करता करता मॅच ऐकायचे. तिकीट काढून मैदानात जाणं वेगळं, रेडिओ तर फुकट होता.

तरीही दोन दशकं मैदानातलं चित्र फार बदललं नाही. ते बदललं १९८१ मध्ये, एका वीस वर्षांच्या गुबगुबीत पोरामुळं.

मेक्सिकोच्या सोनोरा राज्यात एचोवाकीला नावाचं छोटंसं खेडं आहे. फर्नांडो व्हॅलेंझुएला तिथल्या शेतकरी कुटुंबातल्या १२ भावंडांमधला सगळ्यात धाकटा. डॉजर्सचे स्काउट माइक ब्रिटो यांनी त्याला हेरलं. तो पिचर होता, म्हणजे आपल्या भाषेत बॉलर, फक्त टप्पा न टाकता फेकणारा. डावखुरा. त्याचं हत्यार होतं 'स्क्रूबॉल', नेहमीच्या वळणाच्या उलट्या दिशेनं वळणारा चेंडू. स्पॅनिशमध्ये त्याला 'तिराबुसोन' म्हणतात, म्हणजे बाटलीचं बूच काढायचा स्क्रू. चेंडू टाकण्याआधी तो नजर आभाळाकडं लावायचा. लोक चक्रावून जायचे.

९ एप्रिल १९८१, सीझनची पहिली मॅच. ज्यानं बॉलिंग सुरू करायची तो जेरी रॉयस आदल्या दिवशी पोटरी दुखावून बसला. मग पाळी आली फर्नांडोवर, ज्यानं मोठ्या लीगमध्ये तोवर एकही मॅच सुरुवातीपासून टाकली नव्हती. पठ्ठ्यानं ह्यूस्टनला एकही रन करू दिली नाही. डॉजर्स २-० नं जिंकले.

पुढच्या पाच आठवड्यांत त्यानं पहिल्या आठच्या आठ मॅचेस जिंकल्या, त्यातल्या पाच मॅचेसमध्ये समोरच्या संघाला शून्यावर ठेवलं. अमेरिकेत वेड लागायची पाळी आली. या वेडाला नावच पडलं, 'फर्नांडोमेनिया'. तो ज्या शहरात जाईल तिथं पत्रकारांची झुंबड.

अडचण एकच. फर्नांडोला इंग्रजी येत नव्हतं आणि पत्रकारांना स्पॅनिश येत नव्हतं.

मग त्याच्या शेजारी कोण बसणार? हारीन. प्रत्येक नव्या शहरात पत्रकार परिषद व्हायची, एका खुर्चीत लाजराबुजरा फर्नांडो आणि शेजारच्या खुर्चीत टाय लावलेले हारीन. प्रश्न इंग्रजीत यायचा, हारीन तो स्पॅनिशमध्ये सांगायचे, फर्नांडो दोन-चार शब्दांत उत्तर द्यायचा, आणि हारीन ते इंग्रजीत मांडायचे. वीस वर्षांपूर्वी स्टुडिओत बसून इंग्रजीचं स्पॅनिश करणारा माणूस आता स्पॅनिशचं इंग्रजी करत होता. आणि हे सगळं करून झाल्यावर त्याला मॅचची कॉमेंट्रीही करायची असायची.

जून १९८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी मेक्सिकोचे अध्यक्ष लोपेस पोर्तियो यांच्यासाठी व्हाइट हाउसमध्ये जेवण ठेवलं. त्या जेवणाला फर्नांडोलाही बोलावणं होतं, आणि सोबत हारीन होते.

हे काम दिसतं तितकं सोपं नाही. तिखट प्रश्न आला तर दुभाष्यानं तो सौम्य करायचा का? पोरगं चुकून काहीतरी बोललं तर सावरून घ्यायचं का? खेळाडूला इंग्रजी येत नाही म्हणजे त्याला अक्कल नाही, असं समजणारे लोक तेव्हाही होते, आजही आहेत. त्या खोलीत फर्नांडो कसा दिसतो, हे बऱ्याच अंशी हारीन यांच्या शब्दांवर ठरत होतं. आणि तेव्हा अशा दुभाष्याची संघांमध्ये पक्की सोय नव्हती. अमेरिकेच्या मुख्य बेसबॉल लीगमध्ये प्रत्येक संघानं पूर्णवेळ स्पॅनिश दुभाषा ठेवलाच पाहिजे, असं ठरायला २०१६ साल उजाडलं. फर्नांडोनंतर ३५ वर्षं. दुभाष्यावर किती विसंबून राहावं लागतं हे बघायचं असेल तर याच डॉजर्सच्या शोहेई ओहतानीचं प्रकरण आठवा. त्याच्या दुभाष्यानं त्याचे जवळपास १ कोटी ७० लाख डॉलर लंपास केले.

सीझनच्या मध्ये खेळाडूंचा संप झाला, दोन महिने खेळ बंद. पण शेवट गोड झाला. वर्ल्ड सिरीजमध्ये समोर पुन्हा यँकीज. डॉजर्स पहिल्या दोन मॅच हरलेले. तिसरी मॅच फर्नांडोनं १४७ चेंडू टाकून, रडतखडत, एकट्याच्या जिवावर ५-४ नं काढली. त्यानंतर डॉजर्स हरलेच नाहीत. फर्नांडो त्याच वर्षी सर्वोत्तम नवोदित खेळाडूही ठरला आणि सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कारही त्यालाच. एकाच वर्षी हे दोन्ही मिळवणारा तो पहिला.

आणि मैदानात काय बदललं? फर्नांडो खेळणार असेल त्या दिवशी मेक्सिकन कुटुंबं आजी-आजोबांना, लहान पोरांना घेऊन यायला लागली. हातात मेक्सिकोचे झेंडे. बाहेर टाको आणि फर्नांडोच्या नावाचे टीशर्ट. हारीन पुढच्या काळात सांगायचे की प्रेक्षकांमधला लॅटिन लोकांचा वाटा ४० टक्क्यांच्या वर गेला. आज निळी टोपी घातलेला मेक्सिकन-अमेरिकन माणूस हे त्या शहराचं अगदी रोजचं दृश्य आहे.

पण म्हणून चावेज रॅव्हीनची जखम भरली असं म्हणणं जरा जास्त होईल. उठवलेल्या कुटुंबांचे वारस आजही बोलतायत. २०२४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळात त्यांना भरपाई मिळावी म्हणून विधेयक मांडलं गेलं. फर्नांडोनं आणि हारीन यांनी लोकांना मैदानात आणलं हे खरं, त्या मैदानाखाली काय गाडलंय हे त्यांच्या हातात नव्हतं.

हारीन यांच्या कामाचा झपाटा सांगितला तर खोटं वाटेल. बेसबॉलचा सीझन म्हणजे सहा महिन्यांत १६२ मॅचेस. जवळपास रोज एक. १९६२ ते १९८४ या काळात त्यांनी एकही मॅच चुकवली नाही. सलग ४ हजारांच्या आसपास मॅचेस. ही साखळी तुटली ती आजारपणामुळं नाही, तर १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकच्या स्पॅनिश रेडिओ प्रसारणाची जबाबदारी त्यांच्यावर आली म्हणून.

घरी मात्र सगळं सुरळीत नव्हतं. १९८८ मध्ये त्यांचा तरुण मुलगा जिमी मेंदूतल्या रक्तस्रावानं गेला. त्याच वर्षी डॉजर्स वर्ल्ड सिरीज जिंकले. वडील माइकसमोर होते. दोन वर्षांनी फ्लोरिडातल्या सराव शिबिराच्या वेळी त्यांच्या गाडीला भीषण अपघात झाला आणि ते कित्येक आठवडे दवाखान्यात पडून होते. बरे झाले आणि परत कामावर गेले.

१९९८ मध्ये त्यांना फोर्ड फ्रिक पुरस्कार मिळाला. बेसबॉल हॉल ऑफ फेमकडून कॉमेंटेटरला मिळणारा हा सर्वोच्च मान. स्पॅनिशमध्ये बोलणाऱ्यांपैकी त्यांच्या आधी तो फक्त बक कानेल यांना मिळाला होता. त्याच वर्षी हॉलिवूडच्या फुटपाथवर त्यांच्या नावाचा तारा लागला. २०१८ मध्ये स्टेडियममधल्या मानकऱ्यांच्या फलकांमध्ये त्यांचं नाव गेलं, स्कलींच्या सोबतीनं.

त्यांच्या मोठ्या मुलाची, होर्हेची गोष्टही सांगितली पाहिजे. तो आधी रेडिओसाठी हेलिकॉप्टरमधून शहरातल्या ट्रॅफिकची माहिती द्यायचा, 'कॅप्टन होर्हे' म्हणून लोकप्रिय होता. पुढं तो वडिलांच्या शेजारी येऊन बसला आणि काही वर्षं बाप-लेकानं मिळून डॉजर्सची कॉमेंट्री केली. होर्हे २०२० नंतर निवृत्त झाला. म्हणजे मुलगा रिटायर झाला तरी बाप कामावर.

या सगळ्या काळात घर सांभाळलं ब्लांका यांनी. बेसबॉलचा कॉमेंटेटर वर्षातले कित्येक महिने घराबाहेर असतो. हारीन नेहमी सांगायचे की आपलं करिअर तिच्यामुळं उभं राहिलं. फेब्रुवारी २०१९ मध्ये, सीझन सुरू व्हायच्या तोंडावर, अॅरिझोनातल्या सराव शिबिराच्या वेळीच ब्लांका गेल्या. लग्नाला ६५ वर्षं झाली होती. हारीन तेव्हा ८३ वर्षांचे. काही दिवसांनी ते पुन्हा कॉमेंट्रीला बसले, आणि दोघांच्या नावानं विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती देणारी संस्था सुरू केली.

२०२० मध्ये डॉजर्स पुन्हा वर्ल्ड सिरीज जिंकले. हारीन यांच्या काळातलं हे सहावं विजेतेपद. २०२२ हा आपला शेवटचा सीझन असेल असं त्यांनी आधीच जाहीर केलं होतं. त्याच सीझनमध्ये, २ ऑगस्टला, विन स्कली गेले.

आणि फर्नांडो? १९९१ मध्ये डॉजर्सनी त्याला सीझनच्या तोंडावर संघातून काढून टाकलं होतं. तो दुखावला गेला आणि बरीच वर्षं लांबच राहिला. २००३ मध्ये तो परत आला ते स्पॅनिश कॉमेंट्रीच्या खोलीत. एकेकाळी ज्याचे शब्द हारीन यांनी जगाला सांगितले, तो आता त्यांच्या बरोबरीनं माइकवर बोलत होता, स्वतःच्या भाषेत, दुभाष्याशिवाय.

डॉजर्सचा एक जुना दंडक होता, हॉल ऑफ फेममध्ये गेलेल्याच खेळाडूचा नंबर निवृत्त करायचा. फर्नांडो तिथं गेला नव्हता. पण त्याचा ३४ नंबर तो खेळणं सोडून गेल्यावर कुणाला दिलाच गेला नाही, आणि ११ ऑगस्ट २०२३ ला तो अधिकृतपणे निवृत्त करण्यात आला.

२२ ऑक्टोबर २०२४ ला फर्नांडो ६३ व्या वर्षी गेला. तीनच दिवसांनी वर्ल्ड सिरीज सुरू झाली. डॉजर्स विरुद्ध यँकीज, तीच जोडी जी १९५५ मध्ये हारीन यांनी दुकानाच्या काचेतून पाहिली होती आणि १९८१ मध्ये फर्नांडोनं हरवली होती. खेळाडूंच्या जर्सीवर ३४ नंबरची पट्टी होती. डॉजर्स जिंकले आणि विजयाची मिरवणूक १ नोव्हेंबरला निघाली. तो फर्नांडोचा ६४ वा वाढदिवस होता.